फिनेल आत्या आणि घामाचं झाड

आत्या गेली तेव्हा पार्कच्या ऑफिसातले साहेब घरी भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, बाईंचा त्या दगडी झाडांवर भारी जीव होता. आम्ही मान डोलावली. घरी आलेल्या माणसाला काय बोलणार? पण ते साफ खोटं आहे. आत्याला त्या झाडांकडे बघून मळमळायचं. कामावरून आली की चप्पल बाहेर, पिशवी बाहेर, आणि कोपरापर्यंत साबण फासून हात धुणार. फरशीला फिनेल, मोरीला फिनेल, दाराच्या कडीला पण फिनेल. आम्ही भाचरं तिला फिनेल आत्या म्हणायचो. तिला ते ठाऊक होतं. ती म्हणायची, खुशाल म्हणा, पण आधी हात धुऊन या.

साहेबांनी सांगितलं तेच लोकांच्या लक्षात राहील. म्हणून जे घडलं ते लिहून ठेवावं म्हटलं.

आत्या लग्न होऊन त्या गावात गेली तेव्हा ती झाडं म्हणजे नुसते दगड होते. उतारावर आडवे पडलेले लांबलचक ओंडके, धूळ खात. कुणी त्यावर बसायचं, कुणी धुणं वाळत घालायचं. मग शिकलेली माणसं आली, मोजमाप झालं, फोटो झाले, आणि एक दिवस पाटी लागली की हा निसर्गाचा ठेवा आहे. जुन्या काळातलं जंगल चिखलात गाडलं गेलं आणि लाकडाच्या जागी हळूहळू दगड भरत गेला, असं त्या पाटीवर होतं. मग कुंपण आलं, तिकिटाची खिडकी आली, फरसबंद वाट, संडास, पार्किंग, थंड पेयांचं दुकान. गावातल्या बऱ्याच जणांना कामं लागली. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, बोलायला पटाईत, ते गाईड झाले. आत्या सफाईला लागली. राहायला तिकीट खिडकीच्या मागेच एक खोली आणि त्याला चिकटून स्वयंपाकघर मिळालं.

सुरुवातीला आत्याला बरं वाटलं होतं. नवराबायको एकाच ठिकाणी कामाला, घर दोन पावलांवर. किळस सुरू झाली ती आतोबांच्या एका युक्तीपासून.

ते दगडी झाड कोरडं असलं की मातकट दिसतं. लांबून गाडी करून आलेला माणूस बघतो आणि तोंड वाकडं करतो, हे बघायला आलो का? पण दगड ओला झाला की चित्र पालटतं. लाल, पिवळा, जांभळा, सगळे रंग वर येतात, लाकडाची वळणं दिसतात, साल कुठं होती ते दिसतं. तर आतोबा काय करायचे? सगळ्यात मोठ्या ओंडक्याजवळ गर्दी थांबवायची, झाड मेलं म्हणता का मंडळी, असं विचारायचं, मग अंगठ्यावर थुंकायचं आणि दगडावर चोळायचं. रंग उमटला की लोक अहाहा करणार. मग आतोबा म्हणणार, करा, तुम्ही पण करून बघा.

आणि लोक करायचे. चांगल्या घरची, अत्तर मारलेली, गॉगल लावलेली माणसं रांगेत उभी राहून दगडावर थुंकायची. कुणी अंगठ्यानं, कुणाला अंगठा घाण करायचा नसायचा म्हणून थेट तोंडानं. आया पोरांना उचलून धरायच्या, थू कर बाळा. एकानं तर जिभेनं चाटलं आणि बायकोला म्हणाला, खारट लागतंय. खारट का लागणार नाही, त्याच्या आधी चाळीसेक माणसं थुंकून गेली होती.

हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं धुवायचं. बादली, ब्रश आणि च्युइंगम खरवडायला पत्र्याची पट्टी. उन्हात वाळलेली थुंकी नुसत्या पाण्यानं निघत नाही. तिचा पापुद्रा होतो, त्यावर धूळ बसते, त्यावर दुसऱ्याची थुंकी. पाणी टाकलं की ते परत ओलं होतं आणि वास उठतो. आत्या म्हणायची, सर्दी झालेला कोण आणि दात किडलेला कोण, मी वासावरून सांगते. आम्ही हसायचो. ती हसायची नाही. दुपारचा डबा ती झाडाकडे पाठ करून खायची, तोही अर्धाच.

घरी तिनं आतोबांना किती सांगितलं. अहो, पाण्याची बाटली ठेवा, ती फवाऱ्याची. आतोबा म्हणाले, मी काय न्हावी आहे का? पाण्यात काय मजा आहे, थुंकी म्हणजे कसं, आपलं स्वतःचं. लोकांना स्वतःच्या हातानं करायचं असतं. आत्या म्हणाली, हातानं करतात कुठं, तोंडानं करतात. मग ती साहेबांकडे गेली की थुंकू नये अशी पाटी लावा. साहेबांनी आढेवेढे घेऊन लावली. आठवड्याभरात त्या पाटीवर पण थुंकी. तीही आत्यानंच पुसली.

आतोबा वाईट माणूस नव्हते. त्यांना समोर गर्दी लागायची, एवढंच. गर्दी हसली की त्यांना चढायचं. घरी आल्यावर तेच हात न धुता भाकरीच्या टोपलीत घालायचे, आणि आत्या टोपली ओढून घ्यायची. त्यावरून रोज खडाजंगी.

एकदा काय झालं, स्वयंपाकघराच्या दाराला अडसर म्हणून त्याच दगडाचा एक तुकडा ठेवलेला असायचा. कुंपण घालायच्या आधी उचलून आणलेला. त्यावर फोडणी टाकताना खायचं तेल सांडलं. आत्यानं फडक्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशी बघते तर दगड तसाच चमकतोय, रंग वर आलेले. तिसऱ्या दिवशी पण तेच. आत्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. झाड आधीच चमकत असलं तर कोण कशाला थुंकेल?

सोमवारी पार्क बंद असतो. त्या सोमवारी तिनं मोठा ओंडका गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन घासला, वाळू दिला, आणि घरातला तेलाचा डबा नेऊन फडक्यानं चोळचोळ चोळला. संध्याकाळ झाली. खांदे भरून आले. पण झाड असं दिसत होतं, की ती म्हणायची, मला पहिल्यांदाच कळलं लोक कशाला येतात ते.

मंगळवारी पहिली बस आली. आतोबा नेहमीसारखे बोलत बोलत ओंडक्याशी पोचले, झाड मेलं म्हणता का मंडळी, अंगठा वर केला, तोंडात थुंकी जमवली आणि बघतात तर झाड आधीच चमकतंय. आता थुंकायचं कशावर? त्यांना ती गिळावी लागली. आत्या लांबून बघत होती. ते गिळतानाचं तोंड ती नक्कल करून दाखवायची, आणि तेवढ्यापुरती ती हसायची.

दोन दिवस कुणी थुंकलं नाही. आत्या झाडाकडे तोंड करून जेवली.

मग ऊन तापलं. तेल पातळ झालं आणि ओंडक्याच्या पोटाखाली जमून थेंब लोंबायला लागले. एका बाईंनी विचारलं, हे काय हो? आतोबांना चांगलं माहीत होतं ते काय आहे. घरातला डबा रिकामा झाला म्हणून त्यांनीच आरडाओरडा केला होता. पण समोर बसभर माणसं. ते म्हणाले, झाडाचा घाम. एवढी युगं लोटली, दगड झाला, तरी अजून घाम गाळतंय बिचारं.

झालं. त्या बाईंनी थेंब बोटावर घेतला, हुंगला, जिभेला लावला. तेलकट आहे, म्हणाल्या. आतोबा म्हणाले, मग, जुन्या झाडाचा अर्क आहे तो. बाकीचे पुढं सरसावले. कुणी हाताला चोळलं, कुणी केसांना, कुणी कागदात टिपून खिशात ठेवलं. पुढच्या आठवड्यात बसगाड्या वाढल्या. घामाचं झाड कुठं आहे, असं लोक तिकीट काढतानाच विचारायला लागले.

आत्यानं त्या संध्याकाळी आतोबांना धारेवर धरलं. ते म्हणाले, तुला थुंकी नको होती ना? गेली ना थुंकी? आता काय? तिनं सोड्याचा डबा काढून ठेवला. म्हणाली, मी उद्या सोड्यानं काढून टाकते. आतोबांनी ते साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी आत्याला बोलावून घेतलं. साहेब शिकलेले, त्यांना काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. म्हणाले, बाई, गर्दी बघताय ना? राहू द्या. आणि दर सोमवारी परत लावत चला, तेलाचं ऑफिस बघेल. दुसऱ्या दिवशी तेलाचा नवा डबा आत्याच्या दारात.

आणि आत्यानं लावलं. हे पण सांगायलाच पाहिजे. आतोबांना नवा गणवेश मिळाला होता, पत्रकावर त्यांचा फोटो आला होता, ते रात्री शीळ घालत झोपायला जायचे. तिनं मनाची समजूत घातली की थुंकण्यापेक्षा बरं. पण बरं काही नव्हतं. तेल उन्हात खवट झालं. त्यावर धूळ बसून काळपट चिकटा झाला, त्यात माश्या अडकून मेल्या, मुंग्यांची रांग लागली, कुणाकुणाचे केस चिकटले. सकाळी पार्क उघडायच्या आधी भटकी कुत्री यायची आणि ओंडक्याचं पोट चाटून जायची. आत्यानं एकदा डोळ्यानं बघितलं, एक खरूज झालेलं कुत्रं चाटून गेलं, आणि थोड्या वेळानं टाय लावलेला एक माणूस नेमका तिथंच बोट लावून चोखत होता. डोळे मिटून. ती संडासाच्या मागं जाऊन ओकली.

तरी ती गप्प होती. कारण खरं सांगितलं तर नवरा सगळ्यांदेखत खोटा पडणार, त्याची नोकरी जाणार. न सांगावं तर लोक ती घाण चाटणार. रोज सकाळी बादली भरताना तिच्यापुढं हेच असायचं. ती खंगत चालली. डबा तसाच परत यायचा.

मग ती लहान मुलगी आली.

तीनचार वर्षांची असेल, आईच्या कडेवर. गालावर आणि कानामागं पुरळ उठलेलं, खाजवून खाजवून ओलं झालेलं. आई साधीच, बसमधून उतरल्यापासून कुणाशी बोलली नव्हती. गर्दी जरा पुढं सरकल्यावर ती ओंडक्याशी खाली बसली, झाडाच्या पोटाखाली हात घातला आणि तळहातभर तो काळा चिकटा निपटून घेतला. त्यात माशीचा पंख होता, आत्याला तो दिसला. आईनं मुलीचं तोंड वळवलं आणि हात गालाजवळ नेला.

आत्यानं ब्रश टाकला. "बाई, थांबा. लावू नका. ते माझ्या स्वयंपाकघरातलं तेल आहे. मीच लावते ते झाडाला."

सगळी गर्दी वळली. आईचा हात तसाच हवेत. ती आत्याकडे बघेना, आतोबांकडे बघायला लागली. गणवेश त्यांच्या अंगावर होता, पत्रकावर फोटो त्यांचा होता. ती म्हणाली, अहो, ह्या काय म्हणतायत?

आतोबा हसले. गर्दीपुढं हसायचे तसे.

"बाई नवीन आहेत," ते म्हणाले. "त्यांना अजून माहिती नाही."

लोक पण हसले. लग्नाला एवढी वर्षं झालेली, त्यांच्या अंगावरचा गणवेश सकाळी तिनंच इस्त्री केलेला, आणि बाई नवीन आहेत. आत्या म्हणायची, मला रागच आला नाही. मला त्यांच्या तोंडाकडे बघून तीच मळमळ आली, जी झाड धुताना यायची.

आईनं मुलीच्या गालाला ते फासलं. मुलगी चरचरलं म्हणून रडायला लागली. आई म्हणाली, झोंबतंय म्हणजे गुण येतोय.

आत्यानं काय केलं, सरळ जाऊन त्या आईचं मनगट धरलं. म्हणाली, माझ्याबरोबर चला, लांब नाही, तिकीट खिडकीच्या मागं. पटलं नाही तर परत येऊन हवं तेवढं लावा. आई का आली देव जाणे. मुलगी रडत होती म्हणून असेल. आत्यानं तिला स्वयंपाकघरात नेलं, ऑफिसनं दिलेला डबा उघडून नाकाखाली धरला, झाडाला चोळायचं फडकं दाखवलं, दाराचा दगड दाखवला. आईनं डबा हुंगला. मग फडकं हुंगलं. मग मुलीचा गाल हुंगला. तिचा चेहरा असा झाला, की आत्यानं पटकन बादली पुढं केली.

दोघींनी मिळून मुलीचं तोंड धुतलं. साबण, कोमट पाणी, स्वच्छ पंचा. हळू हळू, फुंकर घालत. मुलगी हुंदके देत गप्प झाली. त्या आईनं तेव्हा विचारलं, मग तो गाईड कोण?

"माझा नवरा."

आई जरा वेळ पंच्याची घडी घालत राहिली. म्हणाली, "आणि तुम्ही नवीन." मुलीला घेऊन गेली. बसमध्ये कुणाला तिनं काही सांगितलं की नाही, ते आत्याला कधी कळलं नाही.

आत्या तशीच ओल्या हातानं साहेबांकडे गेली. उद्यापासून येणार नाही म्हणाली. साहेब म्हणाले, अहो, असं काय करता, झाडाचं कोण बघणार? आत्या म्हणाली, ज्यांना जास्त माहिती आहे त्यांना सांगा. आणि बादली, ब्रश, पट्टी, तिन्ही वस्तू त्यांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवून निघाली. खोली नवऱ्याच्या नावावर होती म्हणून ती सोडावी लागली नाही. रस्त्यापलीकडे एका शाळेत तिनं भांडी घासायचं काम धरलं.

नवीन बाई मिळेपर्यंत झाडाचं तुम्हीच बघा, असं साहेबांनी आतोबांना सांगितलं. आतोबांना वाटलं, त्यात काय, फडकं तर मारायचं. सोमवारी गेले. वरून तेल चोळलं, ते सोपं. पण साहेबांनी सांगितलं होतं की खालून वास फार यायला लागलाय, तेवढं खरवडा. आतोबा गुडघ्यावर बसले आणि ओंडक्याच्या पोटाखाली हात घातला. इतकी वर्षं ते त्या झाडावर बोलत होते, पण खाली कधी वाकले नव्हते. हाताला काय लागलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. हात बाहेर काढला तो मनगटापर्यंत काळा, त्याला केस, त्याला माश्या, त्याला कुणाची तरी चघळलेली गोळी. आणि वास. ते तिथंच ओकले. सकाळपासून खाल्लेलं सगळं. नव्या गणवेशावर.

दुपारी घरी आले आणि उंबऱ्यावर बसले. चेहरा पांढराफटक. आत्या भाजी निवडत होती. तिनं वर बघितलं, वास आला, सगळं समजली. पाण्याचा तांब्या त्यांच्यापासून जरा लांब ठेवला आणि मागं सरकली. त्यांनी चूळ भरली. म्हणाले, "तू हे रोज करायचीस?"

आत्या म्हणाली, "तोंडानं श्वास घ्यायचा. नाकानं घेतला की संपलं."

मग ते बारीक आवाजात म्हणाले, ये ना परत कामाला. आत्या म्हणाली, मी नवीन आहे, मला काय माहिती. आणि भाजी घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी आतोबांनी गरम पाणी आणि सोडा नेला आणि झाड खसाखसा घासून कोरडं केलं. लोकांना खरं सांगावं म्हणून केलं असं कुणी समजू नका. तेलाला परत हात लावायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून केलं. साहेब ओरडले. बसगाड्या कमी झाल्या. घाम कुठं गेला असं लोक विचारायचे, तर आतोबा म्हणायचे, आटला. तेवढंच. अंगठ्यावर थुंकणं मात्र त्यांचं सुटलं. एक तांब्या घेऊन फिरायचे आणि झाडावर पाणी ओतायचे. त्यांची पाठ वळली की लोक अजून थुंकतात. आत्ता हे लिहितानाही कुणीतरी थुंकत असेल.

त्या दोघांचं पुढं बरं चाललं असं म्हणता येणार नाही. भांडण नव्हतं. आत्या त्यांना जेवायला वाढायची, दुखलं खुपलं बघायची. पण त्यांच्या उष्ट्या पेल्याला तिनं परत हात लावला नाही. त्यांचं ताट त्यांनीच घासायचं. आमच्या आईनं एकदा विचारलं, एवढं काय मनात धरून बसलीस? आत्या म्हणाली, मनातून मी कधीच काढलंय, हाताला जमत नाही.

शेवटी आजारात आत्याचे हातच उचलेनात, तेव्हा आतोबांनी तिला भरवायला घेतलं. आम्ही म्हटलं, आम्ही भरवतो. ते ऐकेनात. खाटेजवळच पाण्याचं घमेलं आणि साबण ठेवायचे. आधी स्वतःचे हात धुवायचे, मग चमचा, तिच्यासमोर, तिला दिसेल असा धरून. साबण लावून, दोन्ही बाजूंनी. मग चमचा तिच्या नाकाजवळ न्यायचे. आत्या हुंगायची. पटलं तर तोंड उघडायची. पटलं नाही तर मान फिरवायची, आणि आतोबा मुकाट्यानं परत साबण लावायचे. तिला ते पटायला कधी कधी पेज गार होऊन जायची. तरी त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही, हे त्यांच्याबद्दल लिहिलं पाहिजे.

त्या सकाळी त्यांनी चमचा धुतला, नाकाजवळ धरला. आत्यानं हुंगला नाही. तोंड तसंच अर्धवट उघडं. आतोबा चमचा घेऊन परत घमेल्याकडे वळले आणि परत धुवायला लागले.